डांगी जनावरांचे प्रदर्शन आणि पारखीची भाषा

नाशिक जिल्ह्याचे ‘डांग’ आणि ‘देश’ असे दोन भाग मानण्याची रूढी जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेत नाशिक जिल्ह्याचा जो सोळावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हा भेद नोंदलेला आहे. पश्चिमेकडील डोंगराळ, रानाचा आणि पावसाचा तो डांग. पूर्वेकडील मोकळ्या, सपाट जमिनीचा तो देश. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे तालुके आणि कळसूबाईच्या रांगेपलीकडचा अकोले तालुका (हा आज अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात मोडतो) मिळून जो प्रदेश होतो त्यात, तसेच शहापूरच्या बाजूस आणि गुजरातेतील डांग जिल्ह्यात गाईबैलांची जी जात आढळते, तिला ‘डांगी’ हे नाव या भूभागावरून पडले. महादेव कोळी, ठाकर, कानडी, कुणबी हे तिचे परंपरेचे पाळणारे. या जातीचे प्रदर्शन अकोले तालुक्यातील राजूर या बाजाराच्या गावी हिवाळ्यात भरत आले आहे. इगतपुरीकडचे पशुपालकही घाट ओलांडून तेथे आपली जनावरे नेतात.

प्रस्तुत लेख हा त्या प्रदर्शनाचा वृत्तांत नव्हे. प्रदर्शन ही एक भाषिक घटना आहे असे मानून तिची चिकित्सा करावी, एवढाच येथील हेतू आहे. साहित्यकृतीची जशी समीक्षा होते तशी जनावरांच्या प्रदर्शनाची होऊ शकते काय, अशी शंका आपल्या विभागातील काही अभ्यासकांना येईल. परंतु प्रदर्शनाला संहिता असते. गावोगाव चिकटविलेली हस्तपत्रके, गटांची यादी, ध्वनिक्षेपकावरून अखंड चालणारे निवेदन, परीक्षकांचे तक्ते, शेवटी हाती पडणारे प्रमाणपत्र, ही सारी मिळून एक बऱ्यापैकी लांबीचा ग्रंथच होतो. त्या ग्रंथाची भाषा एकजिनसी नाही, आणि ती कोठे बदलते हे पाहिले म्हणजे प्रदर्शनाच्या अंतरंगातील एक विसंगती आपोआप उघड होते.

प्रथम गटांची यादी घेऊ. डांगी जनावरांच्या प्रदर्शनांत वळूंचे आणि गाईंचे गट वयानुसार पाडतात, पण वय वर्षांत सांगत नाहीत. ‘आदत’, ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘सहा दाती’ आणि ‘जुळलेला’ असे गट असतात. या संज्ञांमागचे शरीरशास्त्र साधे आहे. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात येतात ते मधल्या जोडीपासून सुरू होऊन बाहेरच्या बाजूस, जोडीजोडीने. पहिली जोडी साधारणपणे दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते, चौथी येईपर्यंत जनावर पाच वर्षांच्या घरात पोहोचते. देशी जातींत हे थोडे उशिराच घडते. तेव्हा ज्याला कायमचा एकही दात आलेला नाही ते ‘आदत’, आणि ज्याचे आठही दात येऊन एका ओळीत बसले ते ‘जुळलेले’.

‘आदत’ हा शब्द भाषेच्या अभ्यासकाने दोन क्षण थांबून पाहावा असा आहे. संस्कृत ‘अदन्त’पासून तो आला. त्यातील नकारवाचक ‘अ’ दीर्घ झाला, अनुनासिक गळाले, आणि आज हा शब्द उच्चारणाऱ्याला त्यात ‘दात’ही दिसत नाही व ‘नाही’ही दिसत नाही. शेजारचा ‘दोन दाती’ हा शब्द मात्र पूर्ण पारदर्शक आहे. एकाच मालिकेतील पहिली संज्ञा अपारदर्शक व नंतरच्या पारदर्शक, ही स्थिती सहसा टिकत नाही. सादृश्याच्या नियमाने ‘बिनदाती’सारखा एखादा शब्द येथे घडावयास हवा होता. तो घडला नाही. त्यातही भर अशी की अरबीतून आलेला, ‘सवय’ या अर्थाचा दुसरा एक ‘आदत’ शब्द कानांवर सतत पडत असतो. (आमच्या पदव्युत्तर वर्गात ‘आदत वळू’ हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहिला असता एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘सवयीचा वळू’ असा केला. त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याने आपल्या माहितीतील भाषेशी प्रामाणिकपणाच दाखविला.) इतकी प्रतिकूलता असूनही हा शब्द हस्तपत्रकावर छापला जातो, ध्वनिक्षेपकावरून उच्चारला जातो आणि कोणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. याचे कारण काय असावे?

कारण असे की त्या शब्दावर निर्णय अवलंबून असतो. जनावर कोणत्या गटात उभे राहील हे परीक्षक त्याचा खालचा ओठ दाबून ठरवितो. मालकाने ‘आदत’ म्हणून आणलेल्या गोऱ्ह्याला पहिली जोडी फुटलेली दिसली तर त्याला ‘दोन दाती’ गटात जावे लागते, आणि मग त्याच्या वाट्याला अधिक थोराड प्रतिस्पर्धी येतात. त्यावरून वाद होतात, शेजारचे माणूस बोलाविले जाते, पुन्हा तोंड उघडून पाहिले जाते. थोडक्यात, येथे शब्द आणि वस्तू यांची गाठ प्रत्यक्ष बोटांनी घातली जाते. अशा जागी शब्द मरत नाही.

आता निवेदनाकडे वळू. वळू मैदानात आला की ध्वनिक्षेपकावरील भाषा एकदम पालटते. ‘रुबाबदार’, ‘देखणा’, ‘जातिवंत’, ‘आपल्या ग्रामीण संस्कृतीचे वैभव’, ‘बळीराजाचा सखा’, ‘परंपरेचा वारसा’ अशी विशेषणे आणि उपाधी यांची सरबत्ती सुरू होते. ही विशेषणे कोणत्याही वळूला लागतात, बैलगाडीच्या शर्यतीतील बैलाला लागतात, आणि थोड्या फरकाने उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांनाही लागतात. शेवटी जो सर्वश्रेष्ठ ठरतो तो ‘चॅम्पियन’. या इंग्रजी शब्दाविषयी आमची तक्रार नाही. तो आता मराठी झालेला आहे आणि आपले काम चोख करतो. तक्रार आहे ती त्याच्या अलीकडे, निर्णय आणि गौरव यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिच्याविषयी. हा वळू का श्रेष्ठ ठरला, त्याच्या शेजारचा का नाही, हे मैदानावर कोणी बोलून दाखवीत नाही. परीक्षकांच्या तक्त्यात गुण असतात. पण तक्ता बोलत नाही. बाजूला कासरा धरून उभे असलेले लोक मात्र बोलत असतात. आपसांत, खालच्या आवाजात, आणि अगदी नेमके. वशिंड कसे बसले आहे, पोळी किती लोंबते, खूर काळे आहेत की फिकट, चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो की बाहेर जातो, पाठीवर भोवरा कोठे आहे, हा विचार त्या कुजबुजीत चालू असतो. तीच या प्रदर्शनातील खरी समीक्षा होय, आणि नेमकी तीच ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचत नाही.

आमचे प्रतिपादन एवढेच आहे: प्रदर्शन जेथे पारख करते तेथे भाषा जिवंत राहते, आणि जेथे गौरव करते तेथे ती निर्जीव होते. गौरवाचा भाग वर्षागणिक वाढत आहे आणि पारखीचा भाग दातांच्या मोजणीपुरता उरत चालला आहे.

रंगांच्या नावांपाशी ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. डांगी जनावर सामान्यपणे पांढरे, अंगावर काळ्या किंवा तांबड्या ठिपक्यांचे वा पट्ट्यांचे असे असते, आणि पाळणारे त्याचे प्रकार रंगांवरून ओळखतात: पारा, बाहाळा, मणेरी, लाल, लाल बाहाळा इत्यादी. पाऱ्यात पांढऱ्याचे प्राबल्य असते, तर बाहाळ्यात काळ्याचे, पांढरे मिसळलेले. शास्त्रीय वर्णनांत ही नावे कंसात येतात आणि मागे पडतात. प्रदर्शनाच्या पत्रकात बहुधा येतच नाहीत. पण ‘लाल बाहाळा’ हा समास नीट पाहावा. ‘बाहाळा’ हे जर केवळ काळ्या रंगाचे नाव असते तर ‘लाल बाहाळा’ हा वदतोव्याघात ठरला असता. तेव्हा ‘बाहाळा’ हा शब्द रंगाचा नसून रंगाच्या मांडणीचा आहे असे मानणे भाग पडते. गडद रंगात पांढरे कसे शिरले आहे, हे तो सांगतो. गडद रंग कोणता, हे त्यापूर्वी वेगळा शब्द जोडून सांगावयाचे. म्हणजे येथे दोन स्वतंत्र अक्ष आहेत, वर्ण आणि विन्यास. त्यांच्या संयोगातून थोड्या शब्दांत पुष्कळ जनावरे वेगळी सांगता येतात.

ही व्यवस्था केवळ डांगातच आहे असे नाही. सुदानातील नुएर या गुरे पाळणाऱ्या लोकांविषयी इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले की नुएरांच्या गुरांची नावे थोड्या मूळ रंगशब्दांत पांढऱ्याच्या मांडणीचे शब्द मिसळून बनतात आणि त्या मिश्रणांची संख्या फार मोठी होते. आपल्याकडे बर्लिन आणि के यांच्या १९६९च्या ग्रंथानंतर मूलभूत रंगनामांवर चर्चा पुष्कळ झाली. पण त्या चर्चेत रंग म्हणजे कागदाच्या तुकड्यावरचा एकसारखा रंग असे गृहीत धरलेले असते. गुराख्याच्या डोळ्यांपुढे असा एकसारखा रंग फार क्वचित येतो. त्याला हलत्या अंगावरचे ठिपके दिसतात, तेही पाऊस पडत असताना, दूर अंतरावरून. त्या डोळ्यांसाठी घडलेली शब्दव्यवस्था तपासावयाची तर ती डांगात अद्याप तपासता येते. आमच्या माहितीप्रमाणे मराठीच्या रंगनामांचा विचार करताना हा मार्ग आपण फारसा चोखाळलेला नाही.

येथे ‘वाण’ या शब्दाकडे थोडे वळले पाहिजे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तीत ‘वाण’ म्हणजे रंग. संस्कृत ‘वर्ण’ शब्दाचे हे तद्भव रूप. पण आज शेतकरी बाजरीचे किंवा कांद्याचे ‘वाण’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रंग नसून प्रकार असतो. रंगाच्या नावावरून प्रकाराचे नाव, हा अर्थविकास आकस्मिक नाही. ज्या समाजात रंग आणि मांडणी यांवरून जनावराचा प्रकार ओळखला जाई, त्या समाजात तो सहजच घडावयाचा. याच्या उलट सरकारी व शास्त्रीय भाषेतील शब्द आहे ‘जात’. हा जन्माकडे बोट दाखवितो. बाजारातील दलालाचा शब्द ‘अवलाद’. तो अरबीतून आलेला, आणि तो बापाकडे, म्हणजे वळूकडे बोट दाखवितो. एकाच जनावराकडे पाहण्याच्या या तीन रीती आहेत आणि प्रत्येकीला वेगळा शब्द आहे. प्रदर्शनाने त्यांपैकी ‘जात’ स्वीकारला, कारण त्याला नोंदवहीची भाषा बोलावयाची आहे.

नोंदवहीची कल्पना मूळची आपली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडात शॉर्टहॉर्न जातीची वंशावळनोंद कोट्स याने १८२२ साली प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर जातीचा अर्थ ‘नोंदवहीत ज्याचे पूर्वज आहेत ते’ असा होऊ लागला. हिंदुस्थानातील गोवंशाचे वर्गीकरण झाले ते निराळ्या पायावर, पण बाहेरून पाहणाऱ्याच्याच दृष्टीने. जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ साली हिंदुस्थान-पाकिस्तानातील गोवंशावर जो ग्रंथ लिहिला, तो या विषयातील पायाभूत ग्रंथ होय. त्यात कपाळाची ठेवण आणि शिंगांचे वळण या लक्षणांवरून जातींचे गट पाडले आहेत, आणि डांगी ही गीर, देवणी, साहिवाल इत्यादींच्या गटात बसविली आहे. ते वर्गीकरण आपल्या परीने उपयुक्त आहे; पंजाब व कोकण यांना एका तक्त्यात आणावयाचे तर कोणते तरी बाह्य लक्षण घ्यावेच लागते. परंतु एका गोष्टीचा विसर पडू नये. कपाळ आणि शिंगे ही दुरून, छायाचित्रातून, जनावर थांबलेले असतानाही दिसणारी लक्षणे आहेत. डांगी ज्यासाठी डांगी आहे ते लक्षण असे दिसत नाही.

ते लक्षण म्हणजे पावसात टिकणे. डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो व त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. त्याचे खूर काळे आणि अत्यंत कठीण असतात. इगतपुरीच्या परिसरात वर्षाकाठी पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. त्या पावसात भातखाचरांची चिखलणी करावयाची म्हणजे जनावराने दिवस दिवस पोटरीभर चिखलात, वरून कोसळत्या धारांखाली ओढ घ्यावयाची. देशावरचा उमदा खिलार त्या कामात आठ दिवसांत बसेल. डांगी वेगाने चालत नाही, दिसावयास आटपाडीच्या खिलारासारखा तेजस्वी नाही, गाय दूधही बेताचेच देते. तिचे सारे मोल आषाढात आहे.

आणि प्रदर्शन भरते हिवाळ्यात. मैदान कोरडे असते, ऊन स्वच्छ असते, जनावरे धुऊनपुसून, शिंगे तासून, नवीन म्होरकी आणि गोंडे बांधून आणलेली असतात. जे पाहावयास हवे ते या परिस्थितीत पाहताच येत नाही. कातडीचा तेलकटपणा जाणता माणूस हात फिरवून ओळखतो हे खरे. पण असा हात फिरविणारा परीक्षक गर्दीत किती जनावरांवर फिरविणार? मग जे दिसते त्यालाच गुण पडतात: उंची, भरलेले अंग, शिंगांची सारखी जोडी, ठिपक्यांची शोभा. एका वळूपाशी उभ्या असलेल्या वृद्ध मालकाला आम्ही विचारले, “बाबा, हा पारा म्हणायचा की बाहाळा?” त्यांनी रंगाचे नाव सांगितलेच नाही. “पाण्यात हुबा ऱ्हातो,” एवढेच म्हणाले. आमचा प्रश्न शब्दसंग्राहकाचा होता. त्यांनी पारखी माणसाला द्यावयाचे उत्तर दिले. त्या वळूला बक्षीस मिळाले नाही. ते योग्य होते की अयोग्य, हे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. पण त्या उत्तरासाठी परीक्षकांच्या तक्त्यात रकाना नव्हता, एवढे निश्चित.

प्रदर्शनाने डोळ्यांना सुखावणाऱ्या गुणांकडे झुकावे, हा केवळ आपल्याकडचा दोष नाही. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस पशुप्रदर्शनांची जी लाट आली, तिच्यात अंगाने अवाढव्य जनावरांचा गौरव इतका झाला की ‘डरहॅम ऑक्स’ नावाचा एक बैल १८०१पासून गाडीत घालून गावोगाव दाखवीत हिंडविला गेला. त्याने चालून कोठे जावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. आपल्या प्रदर्शनातील वळू अजून आपल्या पायांनी घाट चढून येतात. पण आता त्यांतले काही टेंपोत बसून येतात, आणि प्रदर्शनासाठीच पोसलेल्या, औताला कधी न लावलेल्या वळूंची चर्चाही ऐकू येऊ लागली आहे.

येथे कोणी म्हणेल की पोळा काय वेगळा आहे? तेथेही बैल सजवितात आणि मिरवितात. परंतु पोळा आणि प्रदर्शन यांत एक मूलभूत फरक आहे. श्रावणातील अमावास्येला, आदल्या दिवशी खांदेमळणी करून, बैलाला जेवणाचे आवतन देऊन जो सण नाशिककडे होतो त्यात बैलाची पारख मुळीच नसते. म्हातारा, लंगडा, गऱ्या बैलही त्या दिवशी पूजला जातो, कारण पूजा त्याच्या रूपाची नसून वर्षभराच्या श्रमाची असते. मात्र पोळ्यात माणसांची पारख असते, आणि ती कडक असते. तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जाणार, हा मान वतनाचा होता. पाटीलकीच्या जुन्या कागदपत्रांत होळी-दसऱ्याबरोबर पोळ्याच्या मानाचेही तंटे आढळतात ते यामुळेच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावातील मानपान आणि हक्क यांचे जे निर्भीड चित्र आहे, ते वाचल्यावर पोळ्याविषयीचा भाबडा जिव्हाळा बराच कमी होतो.

प्रदर्शनाने येथे एक मोठे काम केले आहे आणि ते मान्य केले पाहिजे. ‘चार दाती’ गटात उभ्या केलेल्या वळूचा मालक कोण, हे गटाचे नाव विचारीत नाही. पाड्यावरून आलेल्या ठाकराचा वळू आणि गावच्या पुढाऱ्याचा वळू एका रांगेत उभे राहतात आणि दोघांचेही तोंड सारखेच उघडले जाते. दातांचे वर्गीकरण हे या अर्थाने समतेचे वर्गीकरण आहे. म्हणूनच त्यापुढचे मूल्यमापन अधिक बोलके, अधिक जबाबदार असावे, अशी अपेक्षा करावयाची. पोळ्याचा मान कारण सांगत नसे, कारण तो जन्माने मिळे. प्रदर्शनातील बक्षीस हे निर्णयाने मिळते, आणि कारण न सांगणारा निर्णय हा हळूहळू मानासारखाच होऊ लागतो.

या भाषेची खरी शाळा बाजार ही होती. घोटीच्या बाजारात किंवा सिन्नर-मालेगावकडील बाजारांत जनावर विकताना त्याची ‘खोड’ काढणे हा व्यवहाराचा गाभा असे. मारके आहे काय, खांदा टाकते काय, कासऱ्याला भडकते काय, पाण्यात बसते काय, यांतील प्रत्येक प्रश्नाने किंमत खाली किंवा वर जाते. उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. ‘करपल्लवी’ हा आपल्या भाषेतील जुना शब्द त्या रीतीला शोभतो. किंमत गुप्त राहते, पण दोष उघड बोलले जातात. प्रदर्शनात याच्या बरोबर उलट घडते. बक्षिसाची रक्कम ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते आणि दोषांविषयी मौन पाळले जाते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार, शर्यती व प्रदर्शने यांवर बंदी आली होती. ती उठल्यानंतर बाजार पुन्हा भरू लागले. तथापि यंत्राच्या नांगरामुळे बैलांचा व्यवहार त्याआधीपासूनच आक्रसत होता आणि तो काही पुन्हा पसरावयाचा नाही. राजूरच्या प्रदर्शनाच्या नावात ‘डांगी’च्या जोडीला ‘संकरित’ हा शब्द आलेला आहे, यातच पुष्कळ काही आले. संकरित गाईची पारख लिटरांत होते. तिच्या गोऱ्ह्याला जू टेकण्यापुरतेही वशिंड नसते, आणि जेथे वशिंड नाही तेथे ‘खांदा’ या शब्दाचे निम्मे अर्थ निराधार होतात.

ग्रामीण शब्द लोप पावत आहेत असा शोक करणारे लेख आपल्या नियतकालिकांत पुष्कळ येतात. त्यांत बहुधा एक यादी असते: शिवळ, जोते, पाभर, कुळव, नाडा, चऱ्हाट. आम्हांला तो शोक पुरेसा नेमका वाटत नाही. एक तर शब्द असे सहजासहजी जात नाहीत. ते घर बदलतात. वेसण, मुसके, दावण, चाकोरी, जुंपणे हे शब्द आज नाशिकच्या कोणत्याही वृत्तपत्रात रोज भेटतील, पण बैलांविषयी नव्हे, माणसांविषयी. रूपकात जाऊन बसलेला शब्द दीर्घायुषी असतो. दुसरे असे की या याद्या नामांच्या असतात. अवजार संग्रहालयात ठेवता येते, त्याच्याखाली चिठ्ठी लावता येते. ‘खांदा टाकणे’ आणि ‘बसणे’ यांत काय फरक, ‘मारका’ आणि ‘अवखळ’ यांच्या सीमा कोठे, ‘भरलेला’ बैल आणि ‘सुटलेला’ बैल यांत मनुष्य काय पाहतो, हे चिठ्ठीवर लिहिता येत नाही. जाते ते हे ज्ञान. त्याची नामे पुष्कळदा मागे राहतात.

आपल्या कोशांचीही येथे परीक्षा होते. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) गुराढोरांच्या शब्दांनी समृद्ध आहे आणि दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–३८) त्यात भर पडली आहे. या दोन्ही कोशांचे ऋण न फिटणारे आहे. परंतु कोशाची रचना वर्णानुक्रमाची असल्याने ‘आदत’ एका खंडात आणि ‘जुळणे’ दुसऱ्या खंडात जाते. ती एकाच मापाची दोन टोके आहेत हे वाचकाला कळावयाचे कसे? ग्रिअर्सनने १८८५ साली बिहारच्या शेतकरी जीवनावर जो शब्दसंग्रह केला, त्यात शब्द वर्णानुक्रमाने न लावता वस्तू व व्यवहार यांच्या क्रमाने लावले आहेत. पुढे भाषासर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनचे नाव आपण रोज घेतो; हा पूर्वीचा ग्रंथ मात्र क्वचितच उघडतो. १९६३पासून घाटगे यांच्या संपादनाखाली निघालेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेने ध्वनी आणि रूपे यांची नोंद मोठ्या शिस्तीने केली. त्या शिस्तीवर आमची पिढी वाढली. पण पारखीची भाषा प्रश्नावलीला उत्तर म्हणून मिळत नाही. ती दोन जाणत्यांत मतभेद झाला म्हणजेच बाहेर येते, आणि संग्राहकाने तेथे केवळ हजर असावे लागते.

या दृष्टीने प्रदर्शनाचे मैदान ही आपल्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम जागा आहे, परंतु मंडपातील नव्हे, तर दोरीबाहेरची. परीक्षकांनी निकाल दिल्यानंतर अर्धा तास तेथे उभे राहावे. हरलेले मालक आणि त्यांचे सोबती यांच्यात जो वाद होतो, त्यात जितके शब्द कारणांसह हाती लागतात तितके महिनाभराच्या मुलाखतींत लागणार नाहीत. आणि आयोजकांना एक सूचना करावीशी वाटते: प्रत्येक गटाचा निकाल देताना परीक्षकाने ध्वनिक्षेपकापाशी येऊन पहिल्या व दुसऱ्या क्रमांकातील फरक त्यांच्याच बोलीत दोन वाक्यांत सांगावा. त्यावरून आरडाओरडा होईल. होऊ द्यावा.

राहता राहिला आषाढ. डांगी जनावराची जी पारख चिखलात होते तिचे शब्द मिळवावयाचे तर भातलावणीच्या दिवसांत इगतपुरीच्या किंवा पेठच्या खाचरांवर जावे लागेल. आपल्या विद्यापीठांत क्षेत्रकार्य होते ते उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत. पावसाळ्यात प्रवेश, अर्ज आणि वेळापत्रके असतात. त्यामुळे आपले बहुतेक शब्दसंग्रह हे कोरड्या महिन्यांतले शब्दसंग्रह आहेत. पुढील जुलैत तीन विद्यार्थ्यांना पंधरा दिवसांची रजा मिळावी असा अर्ज आम्ही विभागाकडे दिला आहे. सोबत छत्र्या आणि पाण्यात न भिजणाऱ्या वह्या यांच्या खर्चाची मागणी आहे. तीवर ‘हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा’ असा शेरा आला आहे.